रित्या घरची पिल्लं

भिलाईला कारखान्याचे खांब उभे राहू लागले त्या वर्षांत माणसांच्या आधी उंदीर वस्तीला येऊन बसले होते, असं तिथल्या मरोदा गावचे जुने लोक सांगत. शेतं गेली, बांध फुटले, यंत्रांनी बिळं उकरून टाकली. धानावर पोसलेला उंदीर जाणार कुठे? तो चटयांच्या झोपड्यांत शिरला. पोती, चामडी जोडे, साबणाच्या वड्या, काही म्हणून त्यानं सोडलं नाही.

अशा दिवसांत गिरजाबाई उमरेडकडच्या एका खेड्यातून भिलाईला आली. नवरा चंपत वर्षभर आधी येऊन खलाशी झाला होता. लोखंडाचे गर्डर दोरांनी वर चढवणाऱ्या टोळीत त्याचं काम. कमरेला पट्टा बांधून तो आभाळात चाले आणि संध्याकाळी खाली उतरला की जमिनीवरही तसाच चाले, एकापुढे एक पाऊल टाकत. मजुरांच्या कॅम्पातले लोक हसायचे, चंपतही हसायचा. लहानगी ललिता तेव्हा तीन महिन्यांची होती. एका दुपारी ती झोळीत झोपली असताना उंदरानं तिची टाच कुरतडली. पोर रडली, गिरजाबाईनं झोळीत पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिनं उंदरांशी उभा दावा मांडला.

तिची रीत मात्र वेगळी होती. ती औषध घालत नसे, पिंजराही लावत नसे. बिळाच्या तोंडाशी ती गुपचूप बसे. पाय मुडपून, श्वास धरून, तळ्याकाठी बगळा उभा राहतो तशी. उंदरानं तोंड बाहेर काढलं की तिचा हात जाई, आणि गेलेला हात रिकामा परत येत नसे. फडक्यात मानेमागे धरलेला जिवंत उंदीर ती उचलून दाखवी. शेजारच्या बाया तिला बोलवायला येऊ लागल्या. महारवाड्यातून आलेली, दोन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेतलेली ही बाई बंगाल्याच्या, तेलुग्याच्या, छत्तीसगढ्याच्या झोपडीत हक्कानं आत जाऊ लागली ती उंदरांपायी. चंपत म्हणायचा की साऱ्या भिलाईत ओळखपत्राशिवाय कुठंही शिरणारी आपली बायको एकटीच.

शेजारच्या दुर्गच्या एका कॉलेजात कृष्णराव नावाचे प्रोफेसर प्राणिशास्त्र शिकवत. नागपूरच्या महालातले, सडपातळ, सायकलवर फिरणारे, बोलता बोलता चष्मा पुसणारे. मुलांना शिकवायला जिवंत उंदीर हवेत म्हणून ते मरोद्याला आले, तेव्हा लोकांनी त्यांना गिरजाबाईच्या दारात नेऊन उभं केलं. तिनं तासाभरात सात उंदीर काढून दिले. सर उंदरांकडे कमी आणि तिच्या हातांकडे जास्त पाहत होते. पुढे चार वर्षांनी, बासष्ट साली, नागपूरहून रेल्वेच्या पार्सल डब्यातून पांढऱ्या उंदरांच्या पेट्या दुर्गला उतरल्या, तेव्हा त्यांना सांभाळणारं माणूस म्हणून सरांना दुसरं कोणी आठवलंच नाही.

चंपतला तोवर क्वार्टर मिळालं होतं. ललिता बालवाडीत जाऊ लागली होती. गिरजाबाई सकाळच्या बसनं दुर्गला जाऊ लागली, पदराच्या टोकाला उंदरांच्या खोलीची चावी बांधून. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या हाती कुलपाची चावी दिली होती. बसमध्ये ती तो पदर मुठीत धरून बसे.

खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला होती, निंबाच्या सावलीत. भिंतीच्या एका बाजूला जाळीचा एक मोठा पिंजरा, माणूस वाकून आत शिरेल एवढा. त्यात शिड्या, नळ्या, लाकडी रिळं, टांगलेला झुला, आणि आयांसकट पिल्लांचा मेळा. दुसऱ्या बाजूला पत्र्याचे डबे रांगेनं मांडलेले. त्यांत भुशाशिवाय काही नाही. पिल्लं आईच्या दुधावर असेपर्यंत डब्यातच आईजवळ, मग एका डब्यात एक पिल्लू. दाणापाणी मात्र दोन्हीकडे सारखं मोजून. गिरजाबाईनं दोन्हींना नावं देऊन टाकली, आणि पुढे सरांच्याही तोंडी तीच बसली. मोठा पिंजरा म्हणजे भरलं घर, आणि डबे म्हणजे रितं घर.

पहिल्याच दिवशी सरांनी तिला सगळं दाखवलं. भुसा कधी बदलायचा, हरभरे किती भिजवायचे, पाणी कसं ठेवायचं. मग तास होता म्हणून घाईनं निघताना दारातून वळून म्हणाले, "आणि एक नियम लक्षात ठेवा, गिरजाबाई. पिल्लांना हात लावायचा नाही. उचलायचं झालं तर तो चिमटा आहे."

चिमटा खिळ्याला टांगलेला होता. लांब दांड्याचा, तोंडाला कापड गुंडाळलेला. गिरजाबाई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

असे लांब दांडे तिनं फार पाहिले होते. गावच्या दुकानात गूळ मागितला की दुकानदार तो वरून तिच्या पदरात टाकी, बोटाला बोट लागू नये म्हणून. शाळेत ती दोन वर्षं बसली ती ओसरीच्या खाली, आणि तिची पाटी मास्तर काठीनं आपल्याकडे ओढून घेत. तिच्या आईला पाटलाच्या विहिरीवर कोणीतरी येऊन पाणी वाढेपर्यंत ऊन डोक्यावर घेऊन बसावं लागे. हे सगळं मागे टाकून ती इथं आली होती, आणि इथंही खिळ्याला चिमटा टांगलेला. नियम तिच्या हातासाठी आहे, हे तिच्या मनानं त्याच क्षणी धरलं. सरांना विचारावं असं तिला वाटलं नाही. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, आणि मिळालेलं उत्तर ती अजून विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉलेज उघडायच्या आधी, तिनं दाराला आतून कडी घातली आणि रित्या घरच्या पहिल्या डब्यात हात घातला.

आधी तो हात रागाचा होता. पण चार दिवसांचं पिल्लू तळव्यावर आलं, गुलाबी, डोळे मिटलेलं, शेंगदाण्याएवढं डोकं, आणि आतलं दूध पोटाच्या कातडीतून दिसणारं, तेव्हा रागाला बसायला जागा उरली नाही. तिनं दोन्ही हात आधी त्याच डब्यातल्या भुशात चोळून घेतले होते, म्हणजे आईला परका वास यायचा नाही. आईला हरभऱ्याच्या लोभानं एका कोपऱ्यात अडकवलं होतं. मग ती जमिनीवर पाय लांब करून बसली. खेड्यात सासू नातवाला न्हाऊ घालायला बसते तशी. पिल्लू पदराच्या घडीत ठेवलं आणि एका बोटानं कपाळापासून शेपटीपर्यंत हळू उतरली. तेल तेवढं लावलं नाही. पाठ झाली, मग पोट, मग तांदळाच्या कणीएवढे पाय एकेक करून ओढले. आधी पिल्लू आखडलं. मग सैल झालं. मग झोपलं.

असं रोज चाललं. एकेका पिल्लाला साधारण एक ओवी म्हणून होईल एवढा वेळ. भरल्या घरच्या पिल्लांना तिनं हात लावला नाही. त्यांच्या अंगावर भावंडं चढत होती, मावश्या चाटत होत्या, झुला होता, शिडी होती. त्यांना तिची गरज नव्हती. रित्या घरच्यांना दुसरं होतं कोण? दूध तुटून पिल्लू एकटं झालं, तरी ती रोज सकाळी डब्यात हात घाली. पुढे पुढे झाकण उघडलं की पिल्लंच दोन पायांवर उभी राहून वाट पाहू लागली.

ते दिवस तिला सुखाचे गेले. भरल्या घरासाठी नवीन काही आणायचं सर सांगत, आणि चंपत कारखान्याच्या भंगारातून मुकादमाला विचारून काही ना काही घेऊन येई. तुटकी कप्पी, गंजकं कडं, नळीचा वाकडा तुकडा. देताना तो म्हणे की आपल्या क्वार्टरात अजून पाळणा नाही अन् उंदरांले झुला आहे, पुढल्या जन्मी आपण सरांच्या पिंजऱ्यातच जन्म घेऊ. गिरजाबाई त्याला सांगे की तिथं आळशी उंदीर ठेवत नाहीत. हात लावण्याची गोष्ट मात्र तिनं त्यालाही सांगितली नव्हती.

मग एके दिवशी प्राचार्य खोली पाहायला आले. मोठं घराणं, मोठं कपाळ, त्यावर गंध. गिरजाबाई कोपऱ्यात भुसा चाळत होती. प्राचार्यांनी डब्याचं झाकण उचललं, आतलं पांढरंशुभ्र पिल्लू उभं राहिलं, आणि त्यांनी कौतुकानं बोट पुढे केलं.

"हात नका लावू, सर," कृष्णराव म्हणाले. आवाज मऊ होता, पण बोट जागीच थांबलं. "माझाही हात लागलेला नाही त्यांना. जन्मल्यापासून भोवती जे असतं त्यानं मेंदू घडतो का, हे मी पाहतो आहे. माणसाचा हात लागला की तेही एक भोवतालच झालं. मग पिल्लू घरानं घडलं की हातानं, हे मला कळणार नाही."

प्राचार्यांनी हात मागे घेतला आणि हसून खिशात घातला. कृष्णरावांनी खिळ्यावरचा चिमटा काढला आणि त्या कापड गुंडाळलेल्या तोंडानं, सवयीच्या हातानं, पिल्लू उचलून त्यांना दाखवलं.

गिरजाबाईच्या हातातली चाळणी हलायची थांबली. नियम तिच्या हातासाठी नव्हता. तो प्राचार्यांच्या हातासाठीही होता, सरांच्या स्वतःच्या हातासाठीही होता. आणि तीन महिने रोज सकाळी कडी लावून तिनं काय केलं होतं, हे तिला एकदम दिसलं. त्या दिवसापासून तिनं डब्यात हात घातला नाही. पण पिल्लं मोठी झाली होती. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढल्या आठवड्यात परीक्षा सुरू झाली. सरांनी सुताराकडून लाकडी वाटांचा एक चक्रव्यूह करून घेतला होता. चौदा वळणं, त्यांतली आठ फसवी, आणि शेवटी वाटीत गुळाचा खडा. एका टोकाला उंदीर सोडायचा, तो किती वेळात पोचतो आणि किती वेळा चुकतो ते लिहायचं. भरल्या घरचे उंदीर सुसाट गेले. सर खूश झाले. मग रित्या घरचे सोडले. एकटे वाढलेले, काही न पाहिलेले हे उंदीर वळणावर थिजतील, मुततील, मागे फिरतील असं सरांना वाटत होतं. पण तेही मिशा हलवत, वास घेत गेले आणि तिसऱ्या दिवसापर्यंत भरल्या घरच्यांच्या बरोबरीला आले.

सरांनी पंधरा दिवस परीक्षा घेतली. दाणा तपासला, वाटा धुतल्या, डब्यांची जागा बदलली. शेवटच्या शनिवारी ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. तयारी धरून दोन वर्षांचं काम होतं ते. नागपूरला त्यांचे गुरू कागदांची वाट पाहत होते.

"जाऊ द्या," ते गिरजाबाईला म्हणाले. "जे दिसलं ते लिहायचं. घर भरलेलं असो की रितं, डोक्याला काही फरक पडत नाही. सोमवारी पाठवून देतो."

हे वाक्य गिरजाबाई बसमधून घरी घेऊन गेली. रविवारी चंपतला सुटी होती. भाकऱ्या टाकता टाकता तिनं त्याला सगळं सांगितलं, पहिल्या चिमट्यापासून. चंपतनं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सारलं.

"चूप राह्य," तो म्हणाला. "उंदराच्या डोक्यासाठी आपल्याच पोटावर कावून पाय देतं? सरांले मालूम नाही, कोणालेच मालूम नाही."

"मले मालूम हाय."

"नोकरी जाईन, गिरजे. ते चावीबी जाईन."

तिला ते ठाऊक होतं. ती चावी गेली की पुन्हा बिळांशी बसणं आलं, पुन्हा चंपतच्या एकट्याच्या जीवावर घर आलं. पण तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "उद्या कोणी तो कागद वाचन अन् म्हणन, लेकरू कॅम्पात वाढलं काय अन् बंगल्यात वाढलं काय, सारखंच. मंग आपल्या ललितासाठी चांगली शाळा कोण मागन?"

"उंदरावरून कोणी लेकराचं ठरवते का?"

"मंग सर उंदरं कायच्यासाठी पाहून राहिले?"

चंपतनं ताट पुन्हा ओढून घेतलं. जेवून उठताना मात्र एवढंच बोलला की सांगायचंच असेल तर सरळ सांग, मान खाली घालून नको.

सोमवारी ती पोचली तेव्हा सर कागदांची घडी करत होते. गिरजाबाईनं पदराची गाठ सोडली आणि चावी टेबलावर ठेवली.

"सर, ते कागद पाठवू नका. रित्या घरच्या पिल्लांले माणसाचा हात लागला हाय."

"कोणाचा?"

"माहा."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "किती वेळा?"

"रोज. चौथ्या दिवसापासून तर पार ते मोठे होतपर्यंत."

सर उठले आणि बाहेर गेले. निंबाखाली पाठमोरे उभे राहिले. तास झाल्याची घंटा वाजली, मुलं वर्गांतून बाहेर आली, आत गेली, तरी ते तिथंच. गिरजाबाई टेबलाशी उभी होती. चंपतनं सांगितल्याप्रमाणे मान तिनं वर ठेवली होती.

सर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. "मी सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं."

"मग कावून?"

रागात त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली, आणि त्या एका शब्दानं गिरजाबाईला बोलायचं बळ आलं. "मले वाटलं, तो नियम माह्या हातासाठी हाय," ती म्हणाली. मग तिनं दुकानातल्या गुळाचं सांगितलं, ओसरीखालच्या पाटीचं सांगितलं, विहिरीवर बसलेल्या आईचं सांगितलं. तिनं आवाज चढवला नाही आणि डोळ्यांत पाणीही आणलं नाही. जे झालं होतं ते एकामागून एक सांगत गेली, आणि प्राचार्य आले त्या दिवशी आपली चूक कळल्याचंही सांगितलं.

सर स्टुलावर बसले. चष्मा पुसण्यासाठी काढला, पण पुसला नाही.

"प्राचार्यांना मी कारण सांगितलं," ते हळू म्हणाले, "आणि तुम्हाला नुसता नियम सांगितला. चूक तिथंच झाली. माझी."

मग सर एकदम उठले आणि घडी केलेले कागद उलगडून कोऱ्या बाजूनं समोर ओढले. कोणत्या दिवसापासून? डोळे उघडण्याआधी? एकेकाला किती वेळ? आई चिडत नव्हती? भरल्या घरच्यांना खरंच नाही लावला? ते विचारत गेले आणि गिरजाबाई सांगत गेली. तिला प्रत्येक डबा आठवत होता, कोणतं पिल्लू कितव्या दिवशी सैल झालं तेही. लिहिता लिहिता सरांची ओढलेली मुद्रा सुटत गेली, आणि शेवटी ते स्वतःशीच हसले.

"म्हणजे घर रितं नव्हतंच," ते म्हणाले. "तुमचा हात होता त्यात. बाई, काम बिघडलं नाही. ते आता कुठं सुरू झालं." आणि चावी त्यांनी तिच्याकडे सरकवली.

नवीन पिल्लं जन्मली तेव्हा तीन रांगा मांडल्या गेल्या. एक भरलं घर. एक रितं घर, पण रोज तीन मिनिटं गिरजाबाईचा हात असलेलं. आणि एक निव्वळ रितं. तिसऱ्या रांगेला तिनं चिमट्यानंच सांभाळायचं कबूल केलं, कारण आता तिला कारण माहीत होतं. पण एक अट घातली. परीक्षा झाली की या रांगेला भरल्या घरात सोडायचं. सरांनी मान्य केलं.

त्या रांगेनं तिचा जीव खाल्ला. झाकण उघडलं की ती पिल्लं भुशात तोंड खुपसत. चक्रव्यूहात सोडली तर पहिल्याच वळणावर दगड होऊन बसत, अंग चोरून, डोळे तारवटून. हाताची पिल्लं आणि भरल्या घरची पिल्लं गुळाशी पोचून परत येत, तरी ही तिथंच. नागपूरला खरं जे जायला हवं होतं ते आता कागदावर स्वच्छ उतरलं. परीक्षा संपली त्या दुपारी गिरजाबाईनं चिमटा खिळ्याला अडकवला आणि तिसऱ्या रांगेचा एकेक उंदीर दोन्ही हातांनी उचलून मोठ्या पिंजऱ्यात ठेवला. तीन दिवस ते कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले. चौथ्या दिवशी त्यांतला एक शिडीच्या पहिल्या पायरीशी आला. ते सगळे पूर्ण बरे होतील का, असं तिनं विचारलं. सर म्हणाले की आपल्याला माहीत नाही, पाहू. गिरजाबाई रोज पाहत होती. काही झाले, काही शेवटपर्यंत बुजरेच राहिले.

पुढच्या खेपेला सरांना एक नवीनच काळजी लागली. नागपूरचे लोक म्हणतील, हा एका बाईच्या हाताचा गुण आहे. दुसऱ्या कोणाच्या हातानंही तेच होतं, हे दाखवायला हवं. दुसरं कोण? खोलीत दोघंच होते.

म्हणून एका सकाळी कृष्णराव सर बाह्या वर करून, हात भुशात चोळून, जमिनीवर पाय लांब करून बसले. गिरजाबाईनं पाच दिवसांचं पिल्लू त्यांच्या तळव्यावर ठेवलं. सरांनी ते काचेचं भांडं धरावं तसं धरलं. पिल्लू आखडून चीं चीं करू लागलं.

"अवो सर, भांडं नाही ते. अंगठा सैल करा."

सरांचा अंगठा सैल होईना. गिरजाबाई पुढे वाकली, त्यांची बोटं आपल्या हातात घेऊन एकेक करून सोडवली, अंगठा पिल्लाच्या पोटाखाली नीट बसवला आणि त्यांचं बोट धरून पिल्लाच्या पाठीवरून कपाळापासून शेपटीपर्यंत एकदा फिरवून दाखवलं. मग हात काढून घेतला. पिल्लू सैल झालं. सरांनी श्वास सोडला, दुसरं पिल्लू घेतलं, आणि ते पुन्हा ओरडलं.

"हेही शिकावं लागते बापा," गिरजाबाई म्हणाली. "घाई नका करू. अजून दहा हायेत."